चित्र की अक्षर?

आमच्या भोकरदनचे जुने नाव भोगवर्धन. केळना नदीकाठच्या या गावात १९७०च्या दशकात नागपूर व मराठवाडा विद्यापीठांतील संशोधकांनी उत्खनन केले आणि सातवाहन काळातील एक भरभराटीचे नगर मातीखालून वर आले. या नगराचा उल्लेख मात्र त्याआधीच सापडलेला होता. आणि तो इथे नव्हे, तर थेट सांची आणि भारहूत येथील स्तूपांच्या दगडांवर. भोगवर्धनहून आलेल्या काही माणसांनी स्तूपासाठी दान दिले आणि आपले नाव, गाव ब्राह्मी लिपीत कोरून ठेवले.

गंमत अशी, की ही अक्षरे शतकानुशतके उघड्यावर होती. शेजारून गुराखी जात, प्रवासी थांबत. सगळ्यांना ती दिसत होती, पण वाचता कोणालाच येत नव्हती. ब्राह्मी वाचण्याची विद्या लोप पावली होती. १८३७ मध्ये जेम्स प्रिन्सेप यांच्या लक्षात आले, की सांचीच्या कठड्यांवरील अनेक छोटे लेख त्याच दोन अक्षरांनी संपतात. दान देणाऱ्यांची ही नावे असतील, तर शेवटचा शब्द ‘दानं’ असला पाहिजे, असा तर्क त्यांनी केला आणि त्या दोन अक्षरांच्या आधारे लिपीचे कुलूप निघत गेले. तोवर ती अक्षरे म्हणजे नुसती नक्षी होती.

दिसणे आणि वाचता येणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे सांगायला इतक्या मागे जाण्याची गरज नव्हती म्हणा. माझ्या खिशातल्या मोबाइलमध्येही तेच उदाहरण होते.

माझा एक जुना विद्यार्थी आता अकरावीत शिकतो. तो जन्मापासून अंध आहे. मोबाइलवर आलेला मजकूर त्याला मोबाइलच वाचून दाखवतो. बातम्या, निरोप, धडे तो असेच ऐकतो, आणि तेही आपल्याला समजणार नाही इतक्या वेगाने. एका संध्याकाळी त्याचा फोन आला.

“सर, शिष्यवृत्तीचं पत्र आलंय. मोबाइल म्हणतो, चित्र आहे. चित्रात काय आहे?”

मी पत्र उघडले. एका कार्यालयाचे दोन पानी परिपत्रक होते. कोणीतरी कागद यंत्राखाली ठेवून त्याची प्रतिमा काढली होती आणि ती संकेतस्थळावर चढवली होती. पान किंचित तिरके, कडेला शिक्क्याची निळी शाई. मला ते सहज वाचता आले. अर्जाची शेवटची तारीख चार दिवसांपूर्वीच उलटून गेली होती. पत्र त्याच्याकडे आठवडाभर पडून होते. घरात आईला वाचता येत नाही, आणि आपल्या घरच्या उत्पन्नाची चौकशी करणारे पत्र शेजाऱ्याकडून मोठ्याने वाचून घेणे त्याला नको वाटले.

पुढे अर्जाचे काय झाले, हा या लेखाचा विषय नाही. प्रश्न असा आहे, की ते परिपत्रक ‘प्रसिद्ध’ झाले होते का? कार्यालयाच्या लेखी झाले होते. संकेतस्थळावर त्याची तारीखही होती. पण ज्याच्यासाठी ते काढले, त्याच्यापुरते ते सांचीच्या कठड्यावरच राहिले.

यंत्र वाचते म्हणजे काय करते?

आधी हे समजून घेऊ या, की मोबाइल किंवा संगणक मजकूर ‘वाचतो’ कसा. त्याला डोळे नाहीत. त्याला अक्षराचा आकार दिसत नाही. त्याला अक्षराचा क्रमांक कळतो. जगातील लिप्यांतील प्रत्येक अक्षराला एक ठरलेला क्रमांक देण्याची पद्धत म्हणजे युनिकोड. तिची पहिली आवृत्ती १९९१ मध्ये निघाली आणि तिच्यात देवनागरीला जागा मिळाली. पडद्यावर वाचून दाखवणारी आज्ञावली हे क्रमांक ओळीने घेते आणि त्यांचे उच्चार करते. अशा आज्ञावलीला स्क्रीन रीडर म्हणतात. एनव्हीडीए हा स्क्रीन रीडर कोणालाही फुकट मिळतो. मायकेल करन या स्वतः अंध असलेल्या ऑस्ट्रेलियन तरुणाने २००६ मध्ये त्याची सुरुवात केली.

आता ‘निर्णय’ हा शब्द घ्या. शासनाच्या कारभारात याच्याइतका वापरातला शब्द दुसरा नसेल. युनिकोडमध्ये तो सहा क्रमांकांनी साठवला जातो: न, वेलांटी, र, हलंत चिन्ह, ण, य. म्हणजे आपण बोलतो त्या क्रमाने. पण कागदावर तो दिसतो कसा? वेलांटी ‘न’च्या आधी येते आणि ‘र’ तर रफार होऊन ‘ण’च्या डोक्यावर जाऊन बसतो. बोलण्याचा क्रम आणि दिसण्याचा क्रम असे वेगळे आहेत. फळ्यावर पहिलीच्या मुलाला वेलांटी शिकवताना आपल्याला हीच अडचण येते. मूल विचारते, “बाई, ‘नि’ म्हणताना आधी ‘न’ येतो, मग काठी आधी का काढायची?”

आपण ज्याला पीडीएफ म्हणतो तो प्रकार १९९३ मध्ये आला, तो मुळात छपाईसाठी. पान कुठल्याही यंत्रावर हुबेहूब तसेच दिसावे, ही त्याची प्रतिज्ञा. त्यामुळे पीडीएफ मुख्यतः एवढेच लक्षात ठेवतो, की पानावर अमुक ठिकाणी अमुक आकार काढायचा. तो आकार म्हणजे कोणते अक्षर, याचा तक्ता सोबत जोडता येतो. पण तो तक्ता अपुरा असला, की मजकूर दिसायला ठीक आणि आतून विस्कटलेला राहतो. मग ‘निर्णय’ हा शब्द उचलून दुसरीकडे उतरवला, की तो ‘िनणर्य’ असा येतो. मराठी पीडीएफमधून मजकूर घेण्याचा प्रयत्न केलेल्या प्रत्येकाने हा शब्द पाहिलेला आहे. आपण हसून दुरुस्त करतो. स्क्रीन रीडरला हसता येत नाही. जे असेल ते तो तसेच वाचतो.

म्हणजे तीन प्रकार झाले. एक, खरी अक्षरे असलेला मजकूर. दोन, अक्षरे आहेत पण आतून मोडलेली. तीन, नुसते चित्र. माझ्या विद्यार्थ्याला आलेले परिपत्रक तिसऱ्या प्रकारातले होते. एका पानाचे चित्र एका इंचात २०० ठिपके या हिशोबाने काढले, तर त्यात सुमारे ३९ लाख ठिपके असतात. त्याच पानावरचा दोन हजार अक्षरांचा मजकूर युनिकोडमध्ये साठवायला जेमतेम सहा हजार बाइट लागतात. चित्र कितीही दाबून लहान केले तरी ते त्याच्या कित्येक पट जड राहते. एवढा ऐवज खर्च करून आपण त्यातून नेमके काय काढून टाकतो? अर्थ.

कागदाचा उलटा प्रवास

यातला खरा विरोधाभास पुढे आहे. ते परिपत्रक कोणी हाताने लिहिलेले नव्हते. कार्यालयातल्या संगणकावर ते टंकले गेले, तेव्हा ते शुद्ध युनिकोड होते. त्या क्षणी माझा विद्यार्थी ते वाचू शकला असता. मग ते कागदावर छापले, साहेबांची सही झाली, जावक क्रमांक पडला, शिक्का बसला, आणि त्या कागदाचे चित्र काढून ते पुन्हा संगणकात आले. जाताना मजकूर होता, येताना चित्र झाले.

हे सगळे एका सहीसाठी घडते. वस्तुतः इलेक्ट्रॉनिक सहीला माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० ने मान्यता दिली त्याला आता पंचवीस वर्षे होऊन गेली. मंत्रालयातून निघणारे शासन निर्णय अशा सहीने साक्षांकित होऊन, स्वतंत्र संकेतांकासह संकेतस्थळावर येतात. पण तोच निर्णय खाली उतरत जिल्ह्यापर्यंत, तालुक्यापर्यंत, शाळेपर्यंत पोचतो, तेव्हा त्याला वाटेत एकेक पत्र जोडले जाते, आणि प्रत्येक पत्र छापून, सही करून, चित्र होऊन पुढे जाते. वरचे टोक त्यातल्या त्यात वाचनीय; खालचे टोक, जिथे सामान्य माणूस उभा आहे, तिथे मात्र चित्र.

नियमावलीचे परीक्षण

मग याला नियम नाहीत का? आहेत, आणि बरेच आहेत. आपण त्यांचे परीक्षण एखाद्या पाठ्यपुस्तकाचे करतो तसे करून पाहू: काय सांगितले, कसे सांगितले, आणि काय सुटले.

जागतिक पातळीवर वेबवरील सुगम्यतेची पहिली मार्गदर्शक तत्त्वे १९९९ मध्ये निघाली. त्यांच्या सुधारित आवृत्त्या २००८, २०१८ आणि २०२३ मध्ये आल्या. अपंग व्यक्तींच्या हक्कांचा आंतरराष्ट्रीय करार भारताने २००७ मध्ये मान्य केला. २००९ मध्ये राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राने भारतातील शासकीय संकेतस्थळांसाठी मार्गदर्शक सूचना तयार केल्या. त्यांची तिसरी आवृत्ती २०२३ मध्ये निघाली.

या सूचनावलीबद्दल आधी चांगले बोलले पाहिजे. ती नुसती तांत्रिक नाही. संकेतस्थळाचा एक जबाबदार अधिकारी असावा, मजकूर कोणी द्यायचा, कोणी तपासायचा, कोणी मंजूर करायचा हे ठरलेले असावे, जुना मजकूर कधी आणि कसा बाजूला ठेवायचा याचे धोरण असावे, हे सारे तिच्यात आहे. २००९च्या आवृत्तीने प्रत्येक सूचनेवर ती बंधनकारक, सल्लावजा की ऐच्छिक, असा शिक्काही मारला होता. कार्यालयातल्या माणसाला घरातल्या भाषेत समजावे असा तो प्रयत्न होता.

पण तिचे लक्ष मुख्यतः संकेतस्थळाच्या चौकटीवर आहे, आणि अंमलबजावणीत तर ते चौकटीवरच थांबले. अनेक शासकीय संकेतस्थळे उघडून पाहा. वरच्या कोपऱ्यात अक्षरे लहान-मोठी करण्याची बटणे आहेत, रंगांचा विरोध वाढवण्याची सोय आहे, स्क्रीन रीडर कोठे मिळतील याचे एक स्वतंत्र पानही आहे. जिल्ह्यांच्या संकेतस्थळांसाठी वापरल्या जाणाऱ्या केंद्रीय व्यवस्थेच्या तर पूर्ण नावातच ‘सुगम्य’ हा शब्द आहे. दार रुंद, उतार सोयीचा, कठडा मजबूत. आत जावे तर सूचनाफलकावर कागदांची चित्रे टांगलेली. चौकट तज्ज्ञांनी एकदाच बांधलेली असते, म्हणून ती उत्तीर्ण होते. कागद रोज कोणीतरी घाईत चढवत असतो, म्हणून तो नापास होतो. आणि लोक संकेतस्थळावर चौकट पाहायला येत नाहीत, कागद वाचायला येतात.

कायद्याने हे ओळखले होते. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ मधील कलम ४२ इलेक्ट्रॉनिक माध्यमांतील मजकूर सुगम्य स्वरूपात असावा याची जबाबदारी शासनावर टाकते. २०१७च्या नियमांत तर स्पष्ट सांगितले, की संकेतस्थळावर ठेवायचे दस्तऐवज ईपब स्वरूपात किंवा अक्षरओळख केलेल्या पीडीएफ स्वरूपात असावेत. नियम चांगला आहे. पण त्यातल्या दुसऱ्या पर्यायाकडे जरा शिक्षकाच्या नजरेने पाहा. अक्षरओळख म्हणजे चित्र पाहून त्यात कोणती अक्षरे असावीत याचा यंत्राने केलेला अंदाज. ‘घ’ आणि ‘ध’, ‘भ’ आणि ‘म’, ‘१’ आणि ‘९’ ही जोडीची अक्षरे धूसर प्रतीत चुकू शकतात. जुन्या कागदासाठी हा उपाय योग्यच आहे. पण काल संध्याकाळी टंकलेल्या परिपत्रकाचे चित्र करायचे आणि त्याच चित्रातून यंत्राला तीच अक्षरे पुन्हा ओळखायला लावायची, याला काय म्हणावे? दळलेल्या पिठातून पुन्हा गहू निवडण्यातला हा प्रकार. ‘मूळ मजकूर असेल तर मूळ मजकूरच ठेवा’ हे एक साधे वाक्य नियमात हवे होते.

८ नोव्हेंबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने राजीव रतुरी विरुद्ध भारत सरकार या खटल्यात याहून मूलभूत दोष दाखवला. रतुरी हे स्वतः दृष्टिबाधित आहेत आणि त्यांची मूळ याचिका २००५ची. न्यायालयाचे म्हणणे थोडक्यात असे: कायद्याने सक्तीचे नियम करायला सांगितले होते, नियम १५ ने मात्र निरनिराळ्या मार्गदर्शक सूचनांकडे बोट दाखवले, आणि त्या सूचना तर शिफारशींच्या स्वरूपाच्या. सक्तीच्या जागी शिफारस ठेवणे कायद्याला धरून नाही. म्हणून न्यायालयाने नियम १५ चा तो भाग कायद्याच्या चौकटीबाहेरचा ठरवला आणि किमान सक्तीची मानके वेगळी काढून तीन महिन्यांत नवे नियम करण्याचा आदेश दिला. पुढे ३० एप्रिल २०२५ रोजी, ग्राहकाची ओळख पटवण्याच्या ऑनलाइन पद्धतीसंबंधीच्या निकालात, डिजिटल सेवांपर्यंत पोचता येणे हा जगण्याच्या मूलभूत हक्काचाच भाग आहे, असेही न्यायालयाने म्हटले.

रतुरी निकालातील एक भेद आपण शिक्षकांनी नीट समजून घेण्यासारखा आहे. एखाद्या विशिष्ट मुलाला परीक्षेत लेखनिक देणे ही त्या मुलासाठी केलेली वाजवी तजवीज. ती मागितल्यावर दिली जाते, आणि ती करताना ‘अवाजवी बोजा’ पडत नाही ना, हा विचार कायद्याला मान्य आहे. पण शाळेला उतार असणे ही सुगम्यता. ती कोणी मागण्याची वाट पाहत नाही. मूल येण्याआधीच तो उतार असावा लागतो. संकेतस्थळावरचा कागद या दुसऱ्या प्रकारात मोडतो. ‘तुमच्याकडे अंध अर्जदार आलेच कुठे?’ हा प्रश्न म्हणूनच गैरलागू. ज्याला परिपत्रक वाचताच आले नाही, तो अर्जदार होणार कसा? २०११च्या जनगणनेत देशात सुमारे ५० लाख व्यक्तींना दृष्टीसंबंधी अपंगत्व असल्याची नोंद आहे. ते अर्ज करत नाहीत यावरून ते नाहीत असे ठरत नाही.

सवलत मागावी, पण तोंड उघडून

आता दुसरी बाजू. सगळेच कागद सुगम्य करता येतात का? नाही. आणि तसा हट्ट धरणारा माणूस शेवटी काहीच पदरात पाडून घेत नाही.

मराठवाड्याचेच उदाहरण घेऊ. निजामकाळातील महसुली आणि इतर नोंदींचा शोध न्यायमूर्ती संदीप शिंदे समितीच्या कामाच्या निमित्ताने २०२३ पासून मोठ्या प्रमाणावर झाला. त्यांत मोडी आणि उर्दूतील कागद पुष्कळ. अशा कागदाचे चित्र हाच पुरावा असतो; त्याच्या जागी टंकलेला मजकूर ठेवून चालणार नाही, आणि लाखो पाने लिप्यंतरित करणे हे वर्षांचे काम. इथे चित्र ठेवण्याची सवलत रास्तच आहे. पण त्या चित्राशेजारी गाव, तालुका, वर्ष, नोंदीतील नाव एवढी ओळ टंकून ठेवली, तर अंध माणसाला निदान आपल्या गावचा कागद शोधता येतो. डोळस माणसाचेही काम तिनेच सोपे होते, कारण मोडी त्यालाही कुठे वाचता येते? त्या कागदापुढे आपण सगळे सारखेच अंध आहोत.

दुसरे उदाहरण अधिक अवघड आहे. मतदार याद्या चित्रस्वरूपात प्रसिद्ध करण्याचे निवडणूक आयोगाने ठरवले, तेव्हा त्यामागे कारण होते: यादीतून लाखो मतदारांची माहिती यंत्राने एका फटक्यात उचलून तिचा गैरवापर होऊ नये. शोधता येईल अशा मजकुराच्या स्वरूपात यादी मिळावी, ही कमलनाथ यांची मागणी १२ ऑक्टोबर २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने नाकारली. हवे असेल तर मागणाऱ्याने ते रूपांतर स्वतः करून घ्यावे, असे न्यायालयाने म्हटले. तो वाद राजकीय पक्षाचा होता आणि पक्षाकडे माणसे व यंत्रे असतात. पण जे कुलूप माहितीचोराला अडवते तेच अंध मतदारालाही अडवते, आणि ज्याला साधन आहे तो चोर ते कुलूप अक्षरओळखीने उघडूही शकतो. ‘स्वतः रूपांतर करून घ्या’ हे उत्तर पक्षाला पुरेल. माझ्या विद्यार्थ्याला पुरणार नाही. स्वतःचे नाव शोधण्याची वेगळी सोय आयोगाने ऑनलाइन ठेवली आहे, ही जमेची बाजू. आपल्या वाडीतील यादी वाचून त्यावर हरकत घेण्याचा नागरिकाचा अधिकार मात्र तिने भागत नाही.

अशा पेचांवर इतर देशांनी काय केले? युरोपीय संघाच्या २०१६च्या निर्देशाने २३ सप्टेंबर २०१८ पूर्वीचे दस्तऐवज सोडून दिले; मात्र चालू कामकाजासाठी ज्यांची गरज पडते ते जुने अर्ज व नमुने सोडले नाहीत. ‘बोजा फार पडतो’ असे म्हणण्याची मुभाही दिली, पण वेळ नव्हता, प्राधान्य नव्हते किंवा माहीत नव्हते ही कारणे ग्राह्य धरली जाणार नाहीत, हे स्पष्ट केले. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे प्रत्येक संस्थेला एक निवेदन प्रसिद्ध करायला लावले: आमच्या संकेतस्थळाचा कोणता भाग सुगम्य नाही, का नाही, त्याऐवजी काय मिळेल, आणि तक्रार कोठे करावी. अमेरिकेच्या न्याय विभागाने २०२४ मध्ये केलेल्या नियमातही जुन्या संग्रहाला सवलत आहे. पण तो मजकूर ठरलेल्या मुदतीआधीचा हवा, केवळ संदर्भासाठी ठेवलेला हवा, संग्रह म्हणून वेगळ्या जागी हवा, आणि तिथे ठेवल्यानंतर त्यात बदल केलेला नसावा.

आपल्याकडे उणीव आहे ती नेमकी इथे. आपल्याकडे सवलत कोणी मागत नाही, कोणी देत नाही. ती नुसती घेतली जाते. ऐंशी वर्षांपूर्वीचा मोडी कागद आणि कालचे शिष्यवृत्तीचे परिपत्रक, दोन्ही चित्रेच. पहिल्यामागे कारण आहे, दुसऱ्यामागे सवय आहे. पण संकेतस्थळावर दोन्ही सारखीच दिसतात. कारण लिहावे लागले असते, तर सवय उघडी पडली असती. ‘हे परिपत्रक सुगम्य नाही, कारण आम्ही ते छापून पुन्हा चित्रात आणले’ असे वाक्य कोणता अधिकारी सहीनिशी लिहील?

म्हणून माझ्या मते सवलतीला चार कसोट्या लावाव्यात. नेमका कोणता कागद, हे लिहिलेले असावे. का जमत नाही, हे लिहिलेले असावे. तोपर्यंत दुसरी सोय कोणती, आणि ती कोण देणार, हे लिहिलेले असावे. आणि ही अडचण केव्हा दूर होईल, याची तारीख असावी. चार ओळींचे काम आहे. रजेचा अर्ज देताना आपण याहून जास्त लिहितो.

तालुक्याच्या कार्यालयातल्या माणसाची बाजूही ऐकली पाहिजे. त्याच्याकडे एक संगणक, दहा कामे आणि ‘आजच्या आज चढवा’ असा फोन. त्याला कोणी शिकवलेले नाही. पण आपण जी गोष्ट मागतो आहोत ती त्याचे काम वाढवणारी नाही, कमी करणारी आहे. सहीचा कागद खुशाल चित्र म्हणून ठेवा. सोबत मूळ टंकलेला मजकूरही ठेवा. तो संगणकात आहेच. छापण्याआधी होता तोच.

आधी आपली शाळा

हे सगळे शासनाला सांगताना आपला स्वतःचा सूचनाफलकही पाहू या. पालकांच्या गटावर आपण काय पाठवतो? फळ्याचे छायाचित्र, वेळापत्रकाचे छायाचित्र, हाताने लिहिलेल्या सूचनेचे छायाचित्र. तेव्हा आठवी ते बारावीच्या मुलांबरोबर पुढील पडताळणी करता येईल.

कोणताही शासकीय दस्तऐवज उघडा. आत दिसणारा एखादा शब्द, समजा ‘निर्णय’, शोधाच्या चौकटीत टंकून शोधा. मग एक ओळ निवडून दुसरीकडे उतरवून पाहा. शेवटी मोबाइलची वाचून दाखवण्याची सोय चालू करून, डोळे मिटून ऐका. ओळ निवडताच आली नाही, तर ते चित्र. निवडता आली पण शब्द सापडला नाही, तर अक्षरे आतून मोडलेली. दहा कागदांचा तक्ता करा: अक्षर किती, मोडके अक्षर किती, चित्र किती. त्यांत शाळेचे स्वतःचे कागदही असू द्या.

रंगांचे गणितही करून पाहण्यासारखे आहे. जागतिक मानकानुसार नेहमीच्या आकाराचा मजकूर आणि त्याची पार्श्वभूमी यांच्या तेजस्वितेचे गुणोत्तर किमान ४.५ असावे लागते. पांढऱ्याची तेजस्विता १ धरतात आणि काळ्याची ०. शुद्ध लाल रंगाची ०.२१२६, हिरव्याची ०.७१५२ आणि निळ्याची ०.०७२२. दोन्ही तेजस्वितांत ०.०५ मिळवून मोठीला लहानीने भागायचे. पांढऱ्यावर काळा: १.०५ भागिले ०.०५, म्हणजे २१. पांढऱ्यावर निळा: सुमारे ८.६. पांढऱ्यावर लाल: सुमारे ४. म्हणजे ‘तातडीचे’ म्हणून आपण ज्या भडक लाल रंगात लिहितो, तो मजकूर अधू नजरेच्या माणसासाठी या कसोटीवर नापास. हिरव्याचे उत्तर मुलांनाच काढू द्या. ते पाहून त्यांना आश्चर्य वाटेल.

त्या प्रसंगानंतर मी एक करू लागलो. माझ्याकडे येणाऱ्या महत्त्वाच्या परिपत्रकांतला कामाचा भाग टंकून मुलांना पाठवतो. हा उपाय नव्हे, हे मला कळते. एका शिक्षकाने टंकायचे आणि शंभर कार्यालयांनी चित्रे काढायची, हे किती दिवस चालेल? पण परवा एका सूचनेच्या बाबतीत त्या मुलाचा दहा मिनिटांत फोन आला.

“सर, यात अर्जाची शेवटची तारीख आधीची आणि अर्ज सुरू होण्याची नंतरची आहे. तुमचं चुकलं का त्यांचं?”

मी मूळ कागद काढून पाहिला. चूक मूळ परिपत्रकातच होती. मी ते वाचले होते, टंकलेही होते. माझ्या लक्षात आले नव्हते. ज्याला अक्षरे मिळाली, त्याने ती तपासली. मी कार्यालयाला फोन करून तारीख विचारली आणि त्याला कळवली. मग त्यानेच पुढे विचारले, “सर, त्यांना म्हणावं, दुरुस्तीचं पत्र काढाल ते टंकूनच पाठवा. चालेल ना?”

कार्यालयाला मी तसे कळवले आहे.